झेंड्यात एक मूठ पाकळ्या

माझा एक दुर्गुण आहे आणि तो मी लपवत नाही. दुसऱ्याने केलेलं काम मला बघवत नाही. नवऱ्याने घडी घातलेली चादर मी पुन्हा उलगडून घडी घालते. शाळेत दुसऱ्या कुणी फळ्यावर सुविचार लिहिला, की त्यातली एखादी वेलांटी तरी मी खडूने ठळक करतेच. सासूबाई म्हणतात, "हिचा हात लागल्याबिगर घरात पापडसुदिक वाळत न्हाई." खरं आहे त्यांचं. मी घातलेले पापड त्यांनी घातलेल्यांपेक्षा सरळ वाळतात, हेही खरं आहे.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ह्याच दुर्गुणापायी झालं.

आमची शाळा शेवगावहून एसटीने अर्ध्या तासावर. रस्त्याच्या एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला कांद्याची वावरं. माझं माहेर राहुरीकडचं, कालव्याच्या पाण्याखालचं. इकडे कोरड्यात दिली तेव्हा मी महिनाभर तोंड पाडून होते, मग शाळेत लागले आणि तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. मराठी शिकवते. कागदोपत्री सांस्कृतिक विभागही माझ्याकडे आहे. म्हणजे माईक माझ्या हातात असतो.

आणि शाळेत चाचा होते. हुद्दा शिपाई, पण मुख्याध्यापकांपासून पाचवीच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. गावात मुसलमानांची बारा-पंधरा घरं, त्यातलं एक त्यांचं. मी शाळेत लागले तेव्हा त्यांची पाच वर्षं झाली होती, आणि मी सांगते आहे त्या साली अठ्ठावीस. घंटा, पाणी, मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं, ही त्यांची कामं. झेंडा बांधणं हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनी पहिल्या वर्षापासून केलं आणि मग ते त्यांचंच झालं.

ते काम त्यांच्यासारखं करणारा माणूस मी पाहिला नाही. आणि मी कुणाच्या कामाला चांगलं म्हणते आहे, म्हणजे ते असणारच!

खादीचा झेंडा ऑफिसच्या कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात, धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेला असायचा. त्या कप्प्यात दुसरं काहीही ठेवलेलं त्यांना चालत नसे. कप्पा एवढा मोठा आणि झेंडा एवढासा, म्हणून एकदा मी तिथे सहामाहीचे पेपर ठेवले. दुपारी पाहते तर गठ्ठा माझ्या टेबलावर. मी तणतणत गेले. चाचा घंटेजवळ बसले होते. म्हणाले, "बाई, ती जागा भरल्याली हाय."

सव्वीस जानेवारीला झेंडा गुंडाळून आधीच खांबाच्या टोकाशी बांधून ठेवायचा, मग पाहुण्यांनी खालून दोरी ओढली की तो वर उघडायचा आणि आतल्या पाकळ्या खाली पडायच्या, अशी आमच्याकडची रीत. ऐकायला सोपी वाटते. आजूबाजूच्या गावांत दर साली कुठे ना कुठे फजिती ठरलेली. पाहुणे दोरी ओढतायत, घामाघूम होतायत, झेंडा काही सुटत नाही. शेवटी कुणीतरी चप्पल काढून खांबावर चढतं. का, तर बांधणाऱ्याने निरगाठ मारलेली असते. चाचा सुरगाठ मारायचे. "वडंस्तवर सुटली न्हाई पायजे, आन वडली की थांबली न्हाई पायजे," एवढंच त्यांचं शास्त्र. अठ्ठावीस वर्षांत त्यांची गाठ एकदाही अडकली नव्हती.

पाकळ्या झेंडूच्या, आणि एकच मूठ. त्याही आदल्या दिवशी दुपारी तोडून वर्तमानपत्रावर पसरून ठेवलेल्या, कारण पहाटेच्या दवातल्या पाकळ्या कापडाला चिकटून बसतात. आणि मूठ कधी दीड झाली नाही. मी दर वर्षी म्हणायची, "चाचा, अहो किती कंजुषी! चार फुलं जास्त टाकली तर काय बिघडलं?" ते हसायचे आणि म्हणायचे, "बाई, लोकं झेंडा बघाया येत्यात, फुलं न्हाई."

त्या वर्षी पाहुणी होती ती माझीच विद्यार्थिनी. गावातल्या शेतकऱ्याची पोर, आता नगरला दवाखान्यात नर्स. शिकायला नको म्हणून घरचे अडून बसले होते तेव्हा मी तिच्या ओट्यावर दोन तास भांडले होते. ती पोर आज पांढऱ्या साडीत येऊन झेंडा फडकवणार. आणि वरून काय पडणार? झेंडूच्या मूठभर पाकळ्या? छे! मी आदल्या संध्याकाळीच दारातल्या कुंड्यांमधले सगळे गुलाब खुडले. सासूबाई बघतच राहिल्या.

सकाळी सव्वासहाला मी शाळेत पोचले तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. थंडी मरणाची. झेंडा बांधून वर चढवलेला होता आणि चाचा देवळातून स्पीकरचा डबा आणायला गेले होते. मैदानात काळं कुत्रं नव्हतं. मी दोरी सोडली, गुंडाळी खाली घेतली, दोन्ही टोकं फासांतून काढली आणि खुर्चीवर बसून ती मांडीवर घेतली. पूर्ण उलगडली नाही, उगाच जमिनीला लागायची. जरा सैल केली, दोन मुठी गुलाब आत सारले, पुन्हा आवळली, वरून गाठ मारली. गाठ सुरगाठच मारली हं, तेवढं मला येतं. मग टोकं फासांत अडकवली. दोन टोकं, दोन फास. कुठलं वर आणि कुठलं खाली, हे विचारायला चाचा तिथे नव्हते. आणि असते तरी मी विचारलं नसतं.

आठ वाजता सगळं गाव मैदानात. पोरं ओळीत, म्हातारे खुर्च्यांवर, धुतलेल्या टोप्या, इस्त्रीचे शर्ट. आमच्याकडे सव्वीस जानेवारीला माणसं लग्नाला जावं तशी नीट कपडे घालून येतात, मला त्याचा फार अभिमान आहे. रस्त्यापलीकडे बायका कांद्यात खुरपत होत्या. त्याही राष्ट्रगीत सुरू झालं की उठून उभ्या राहतात, खुरपी हातात तशीच. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी माईकवरून पाहुणीचं नाव पुकारलं. तिने दोरी ओढली. एका ओढीत झेंडा सुटला. गुलाबाच्या पाकळ्यांचा सडा पडला, पोरांनी "हो!" केलं, आणि मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात झेंडा बांधणं.

तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे सावधान. आणि मग मी वर बघितलं.

हिरवा वर होता. केशरी खाली.

राष्ट्रगीत एकदा सुरू झालं की मधे थांबवायचं नाही, हलायचं नाही, हे याच मैदानावर तेवीस वर्षं मी शिकवत आले. त्यामुळे कुणीच हललं नाही. सगळं गाव डोळे वर करून उलट्या झेंड्याला मानवंदना देत होतं, आणि गाणाऱ्या पोरींचा आवाज ओळीओळीला बारीक होत चालला होता. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या हनुवटीला कंप सुटलेला मला दिसला. ते शाळेत चौथीपर्यंतसुद्धा गेलेले नाहीत. पण काहीतरी फार वाईट झालंय हे त्यांना कळत होतं, आणि करता काही येत नव्हतं. राष्ट्रगीताला मिनिटसुद्धा लागत नाही म्हणतात. मला विचारा किती वेळ लागतो ते.

गीत संपलं. मग मागून आवाज आला, "हिरवा वर! चाचा, भारीच की!"

बोलणारा आमचाच जुना विद्यार्थी. चौकात त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि शाळा समितीवर तो तरुणांचा प्रतिनिधी आहे. त्याच्या आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. बाकीचे हसले नाहीत. पण त्यांनी चाचांकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. अठ्ठावीस वर्षं रोज दिसणाऱ्या माणसाकडे लोकांनी असं पाहिलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

चाचा खांबाजवळ होते, नेहमीच्या जागी, दोरीशी. पुढे झाले. झेंडा हळू खाली घेतला, हातावर झेलला. टोकाशी बोटं नेली आणि थांबले. खाली पाहिलं. सिमेंटच्या ओट्यावर सगळीकडे गुलाबाच्या पाकळ्या पडलेल्या. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

एकदाच. मग मान खाली घालून झेंडा सरळ लावला आणि वर चढवला. राष्ट्रगीत पुन्हा म्हटलं गेलं.

आणि माईक माझ्या हातात होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझा आवाज चार गल्ल्या पलीकडे जातो, माईक चालू होता, चाचा दहा पावलांवर उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी काय बोलले? "आता आपल्या पाहुण्या दोन शब्द बोलतील." धडधडीत बोलले. का? भ्याले, म्हणून. झेंड्यावर दर वर्षी भाषण देणारी, केशरी वर, पांढरा मधे, हिरवा खाली, असं पोरांकडून दहा वेळा घोकून घेणारी बाई मी. लोक काय म्हणतील, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. पुढे भाषणं झाली, बक्षिसं झाली, पोरांना जिलेबी वाटली. मी सगळ्यांची नावं पुकारली, एकही चुकवलं नाही.

दुपारी घरी आले. सासूबाईंनी भाकरी वाढली आणि समोर बसल्या. बातमी माझ्या आधी घरात पोचली होती, कारण उलट्या झेंड्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत होता आणि खाली कुणीकुणी काहीबाही लिहीत होतं. "चाचानं झेंडा उलटा लावला म्हणं," सासूबाई म्हणाल्या. मग स्वतःच्याच बोलण्यावर मान हलवली. "त्यो मानूस असलं करायचा न्हाई. कुनीतरी हात लावला आसंल."

माझा घास तोंडातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दाराशी कुंड्या होत्या. एकाही झाडाला गुलाब नव्हता.

"आगं बया," त्या म्हणाल्या. एवढंच. सासू म्हणून त्यांना माझ्यावर तोंडसुख घ्यायची अशी संधी जन्मात पुन्हा मिळणार नव्हती, पण त्यांनी माझं ताट उचललं आणि म्हणाल्या, "जा आधी."

चार वाजता शाळा समितीची तातडीची बैठक होती. मी पोचले तेव्हा सगळे जमले होते. मुख्याध्यापक, सरपंचबाई, समितीची पाच-सहा माणसं, दुकानवाला. चाचा दाराजवळ उभे. खुर्ची रिकामी होती, तरी उभे. मुख्याध्यापक साधा माणूस आहे, त्यांना घाम फुटला होता. ते सांगत होते की वरून विचारणा व्हायच्या आत आपण लेखी खुलासा घेतलेला बरा. चाचांपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलेलं होतं. मे अखेर त्यांची निवृत्ती. चार महिने राहिलेल्या माणसाला सगळं गाव विचारत होतं, झेंडा उलटा का लावलास म्हणून. आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. तो तोंडाने कुणी विचारत नव्हतं आणि ऐकू सगळ्यांना येत होता.

दुकानवाला म्हणाला, "चूक झाली असंल तर चूक म्हनावं. मुद्दाम केलं असंल तर..."

"ए," मी म्हटलं. वर्गात म्हणते तसं. तो सातवीत होता तेव्हा बसायचा तसा खाली बसला. "मोबाईल काढ."

"काय, बाई?"

"मोबाईल काढ म्हणते ना! सकाळी शूटिंग केलंस तसं आता कर. कर चालू."

त्याने बापड्याने चालू केला. मी त्याच्या मोबाईलकडे बघून, शब्द मोजून बोलले. सकाळी सव्वासहाला झेंडा मी खाली घेतला. चाचांनी बरोबर बांधलेला मी सोडला. फुलं कमी वाटली म्हणून सोडला, कुणाला विचारलं नाही, आणि परत लावताना टोकं उलटी लावली. चाचांना यातलं काही माहीत नव्हतं. चूक माझी आहे, आणि आठ वाजता ती कळूनसुद्धा मी चार वाजेपर्यंत गप्प बसले, ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. "झालं?" मी विचारलं. "आता हे त्याच ग्रुपवर टाक. आणि तुला काही विचारायचंय? मी केलं तर चूक, आणि यांनी केलं असतं तर मुद्दाम, असं का, ते मला जरा समजावून सांग. मी बसते."

त्याने शूटिंग बंद केलं आणि मान खाली घातली.

मला वाटलं, झालं, मी सुटले. खरं सांगते, मला थोडं शूरही वाटत होतं. मी चाचांकडे वळले. ते माझ्याकडेच पाहत होते.

"सकाळी बोलायचं हुतं, बाई," ते म्हणाले. "मी तिथंच हुभा हुतो."

आणि निघून गेले. मला रडू फुटलं. चारचौघांत मी कधी रडत नाही, त्या दिवशी रडले.

कोऱ्या कागदावर खुलासा मी लिहिला. मला लेखी समज मिळाली, ती मिळायलाच हवी होती. दुकानवाल्याने व्हिडिओ टाकला, दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरी जाऊन तो पायाही पडला म्हणे. समितीने आणखी एक ठराव केला, की इथून पुढे झेंडा बांधल्यावर दोन जणांनी तो तपासायचा आणि वहीत सह्या करायच्या. ठरावात वाईट काही नव्हतं. पण तो ऐकल्यावर चाचांनी कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. "तपासा बिनधास्त. पर बांधनार मी न्हाई. बाईंना बांधू द्या, त्यास्नी हौस हाय," म्हणाले.

पुढचा झेंडा महाराष्ट्र दिनाचा, एक मे. आमच्याकडे तेव्हाही वरच बांधतात आणि त्याच दिवशी पोरांचा निकाल असतो, त्यामुळे गर्दी तेवढीच. चाचांच्या नोकरीतला तो शेवटचा झेंडा. तो त्यांनी बांधावा म्हणून मी काय काय केलं नाही! विनवलं, रागावले, त्यांच्या बायकोकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं. चाचींनी शिरखुर्मा खाऊ घातला आणि सांगितलं, "ओ सुनते नै किसीका." शेवटी फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि म्हटलं, "मग शिकवा मला. नाहीतर एक मेला मी परत उलटा लावीन आणि तुमच्या नावाने बोंब ठोकीन."

पहिल्यांदा हसले. त्या हसण्याची मी महिनाभर वाट पाहत होते.

शिकवायला त्यांनी झेंडा घेतला नाही. "त्यो शिकाया न्हाई," म्हणाले. स्वतःचा टॉवेल आणला आणि व्हॉलीबॉलच्या खांबाला दोरी लावली. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. मी, जिने बी. एड. पहिल्या वर्गात केलं, ती शिपायासमोर टॉवेल गुंडाळत उभी, आणि येणारे-जाणारे बघतायत. "बाई, झेंडा बांधताय का पोरीची येनी घालताय?" ते विचारायचे. "लई आवळू नगा, श्वास घिऊ द्या त्याला." गाठ सुटायची तर मधेच सुटायची, राहायची तर राहायचीच. कितीदा सोडली आणि बांधली याचा हिशेब नाही. आणि गंमत म्हणजे चाचा माझ्या हातातून दोरी एकदाही काढून घ्यायचे नाहीत. मी चुकत असले तरी बघत राहायचे, माझं माझं कळेपर्यंत. मला हे अजून जमत नाही.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी झेंडा काढला, पंचा उलगडला आणि मला एक गोष्ट दाखवली. केशरी बाजूच्या दोरीच्या टोकाला त्यांनी दोऱ्याने एक बारीक गाठ शिवून ठेवली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. डोळ्यांना दिसायची नाही, बोटाला लागायची. "अंधारात बांधावा लागतो," ते म्हणाले. "बोटाला लागली की समजायचं, हे वर." म्हणजे सव्वीस जानेवारीला सकाळी ती गाठ माझ्याही बोटाखालून गेली होती. मला माहीत नव्हती, आणि विचारावं असं वाटलं नव्हतं.

एक मेला मी साडेपाचला शाळेत पोचले. त्यांनी आदल्या दुपारी पसरून ठेवलेल्या पाकळ्या टेबलावर होत्या. मी एक मूठ घेतली. खरं सांगते, दुसऱ्या मुठीसाठी हात शिवशिवला, पण पदरात बांधून ठेवला. झेंडा गुंडाळला. बोटाने दाणा शोधला, दोनदा शोधला. गाठ मारली. मग मुख्याध्यापक वही घेऊन आले. तपासणाऱ्यांच्या रकान्यात त्यांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं होतं आणि दुसरं चाचांचं. मुख्याध्यापक कधी कधी शहाण्यासारखं वागतात. त्यांनी झेंड्याचं टोक चाचपलं, मान डोलावली, सही केली.

चाचा पांढरा शर्ट घालून आले होते. चपला ओट्याखाली काढून वर आले. मी गुंडाळलेला झेंडा दोन्ही हातांवर धरून त्यांच्यापुढे केला.

त्यांनी घेतला नाही. पेन घेतलं आणि वहीत सही केली.

"अहो चाचा, बघा तरी आधी! दाणा बघा, टोक बघा. न बघता काय सही करताय?"

"कशाला बघू?" ते म्हणाले. "झेंडा तुमचाबी हाय की."

मी तशीच झेंडा घेऊन उभी राहिले. त्यांना सबंध गावाने अठ्ठावीस वर्षांनंतर तपासायचं ठरवलं होतं, आणि त्यांनी मला तीन महिन्यांत न तपासता सोडलं. तेही मी त्यांना दहा पावलांवर एकटं उभं केल्यानंतर. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते ओट्यावरून उतरले. मला वाटलं नेहमीप्रमाणे खांबामागे दोरीशी थांबतील. तिथे मीच उभी होते, कारण बांधतो त्याने तिथे उभं राहायचं असतं, दोरीवर डोळा ठेवून. ते पुढे चालत गेले आणि गावकऱ्यांच्या पहिल्या रांगेत, हनुवटी थरथरली होती त्या म्हाताऱ्या बाबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

आठ वाजले. सरपंचबाईंनी दोरी ओढली. मी वर पाहिलं नाही, माझा डोळा दोरीवर होता आणि बोटं पदरात. दोरी थांबली नाही. वर कापड फडफडलं, राष्ट्रगीत सुरू झालं, रस्त्यापलीकडच्या बायका उठून उभ्या राहिल्या. केशरी वर आहे की नाही हे बघायची मला हिंमत होईना, म्हणून मी चाचांच्या तोंडाकडे पाहिलं. ते मान वर करून, तोंड जरासं उघडं ठेवून बघत होते, आणि झेंडूची एक पाकळी त्यांच्या खांद्यावर पडली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की अठ्ठावीस वर्षांत ह्या माणसाने झेंडा उघडताना समोरून कधी बघितलाच नव्हता.